कीपासएक्ससी आणि सिंकथिंग: काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

पासवर्ड आपल्याच उपकरणांवर राहावेत, ते कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरवर साठू नयेत, यासाठी ही जुळणी: संगणकावर कीपासएक्ससी आणि अँड्रॉइडवर कीपासडीएक्स हे पासवर्ड एका कुलूपबंद (एन्क्रिप्टेड) फाइलमध्ये ठेवणारे प्रोग्राम, आणि दोन्हीकडची ती फाइल सारखी ठेवायला सिंकथिंग. तिन्ही मोफत आणि मुक्तस्रोत आहेत. इतक्या महिन्यांनंतर माझं मत असं की एन्क्रिप्शनची चिंता करायचं कारण नाही, फाइलची मात्र करावी लागते.

२०२२मध्ये लास्टपास या ऑनलाइन पासवर्ड सेवेच्या ग्राहकांच्या डेटाच्या प्रती चोरीला गेल्या. त्यात पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले होते, पण वेबसाइटचे पत्ते उघडे होते. कुणाचं खातं कुठे आहे हे त्यावरून सरळ वाचता येत होतं. कीपासएक्ससीच्या केडीबीएक्स फाइलमध्ये पत्ते, युजरनेम, टिपा, जोडलेली कागदपत्रं असं सगळंच एन्क्रिप्ट होतं. माझ्या लेखी ही सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

नवा डेटाबेस करताना केडीबीएक्स ४ हा फाइलचा प्रकार आणि आर्गॉन२ निवडा. आर्गॉन२ ही मास्टर पासवर्डपासून फाइलची किल्ली बनवण्याची मुद्दाम जड ठेवलेली पद्धत आहे, म्हणजे पासवर्ड अंदाजाने शोधणं अवघड जातं. आर्गॉन२ला ६४ एमबी मेमरी पुरते. जास्त सुरक्षेच्या हौसेने १ जीबी दिलीत, तर संगणकावर फाइल उघडेल आणि फोनवर मेमरी अपुरी पडून ॲप बंद पडू शकेल. फाइल उघडायला थोडा जास्त वेळ चालत असेल तर मेमरीऐवजी या गणिताच्या फेऱ्या वाढवा.

मास्टर पासवर्डसाठी, म्हणजे ही फाइल उघडणाऱ्या एकमेव पासवर्डसाठी, पासफ्रेज जनरेटरने निवडलेले सहा शब्द घ्या. ७,७७६ शब्दांच्या यादीतून यंत्राने सहा उचलले की सुमारे ७७ बिटांची ताकद मिळते. स्वतःला सुचलेल्या शब्दांना हे गणित लागू पडत नाही. मास्टर पासवर्ड देवनागरीत ठेवू नका. ‘ऱ’ हे अक्षर एका कीबोर्डवरून एकाच कोडने येतं, तर दुसऱ्यावरून ‘र’ आणि नुक्ता असे दोन कोड मिळून. दिसायला फरक शून्य, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे पासवर्ड, आणि ठिपक्यांमागे काय टाइप झालं ते कळतही नाही.

ब्राउझरमधले जुने पासवर्ड सीएसव्ही फाइलने आणता येतात. ती फाइल साधा मजकूर असते. आयात होताच ती कायमची पुसा आणि सिंकथिंगच्या फोल्डरमध्ये तर क्षणभरही ठेवू नका, कारण ती दुसऱ्या उपकरणावर पोचते आणि जुन्या आवृत्त्यांमध्ये तिची प्रत उरू शकते.

कीपासएक्ससीचं ब्राउझर एक्स्टेन्शन रोजच्या कामात उत्तम चालतं. पत्ता जुळला नाही तर ते पासवर्ड भरायला पुढे येत नाही, त्यामुळे बनावट लॉगिन पान लगेच लक्षात येतं. लिनक्सवर ब्राउझर स्नॅप किंवा फ्लॅटपॅक या बंदिस्त पॅकेजांमधून घेतला असेल, तर त्याला त्या चौकटीबाहेरच्या (सँडबॉक्सबाहेरच्या) प्रोग्रामशी बोलता येत नाही आणि जोडणी अनेकदा अडते. नेहमीच्या पॅकेजमधला ब्राउझर टाकला की प्रश्न मिटतो.

आता सिंकथिंग. अधिकृत अँड्रॉइड ॲप डिसेंबर २०२४मध्ये बंद झालं. सध्या समुदायाने चालवलेलं सिंकथिंग-फोर्क वापरावं लागतं. दोन्ही उपकरणांचे डिव्हाइस आयडी (सिंकथिंगने दिलेली ओळख) एकमेकांना द्यायचे आणि फक्त डेटाबेसचं फोल्डर वाटायचं. की-फाइल (मास्टर पासवर्डसोबत लागणारी किल्लीची वेगळी फाइल) वापरत असाल तर ती त्या फोल्डरमध्ये नको. केबलने एकदाच फोनवर न्या. फोनच्या सेटिंग्जमध्ये या ॲपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, नाहीतर ते पार्श्वभूमीत मारलं जातं आणि तुम्ही जुन्याच फाइलवर काम करत राहता.

गोंधळ नेमका इथेच होतो. फोनवर एक नोंद बदलली, ती पोचायच्या आत संगणकावर दुसरी बदलली, की फोल्डरमध्ये नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ आणि तारीख-वेळ असलेली दुसरी फाइल येते. ती उडवू नका, तुमचा एक बदल तिच्यातच आहे. कीपासएक्ससीमध्ये मुख्य फाइल उघडा, ‘डेटाबेस’ मेनूतून ‘मर्ज फ्रॉम डेटाबेस’ निवडा आणि ती फाइल दाखवा. दोन्हीकडच्या नोंदी तपासून सेव्ह केल्यावरच जादाची फाइल काढा.

आणि सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. फाइल एकीकडे बिघडली किंवा पुसली गेली की तेच दुसरीकडेही पोचतं. सिंकथिंगमध्ये फाइल व्हर्जनिंग (जुन्या आवृत्त्या जपणं) सुरू करा आणि वेगळ्या पेनड्राइव्हवर अधूनमधून प्रत काढा. मास्टर पासवर्ड विसरलात तर तो परत मिळवून देणारं कुणीही नाही. तो कागदावर लिहून कुलपात ठेवणं यात काहीच गैर नाही.

फोनवर पासवर्ड कॉपी-पेस्ट करू नका. कीपासएक्ससी क्लिपबोर्ड १० सेकंदांत साफ करतं, पण अनेक मोबाइल कीबोर्ड स्वतःचा क्लिपबोर्ड इतिहास जपतात. कीपासडीएक्ससोबत मॅजिकीबोर्ड येतो. तो थेट रकान्यात मजकूर भरतो, क्लिपबोर्ड मधे येतच नाही.

ओटीपी कोडही याच डेटाबेसमध्ये ठेवता येतात. साध्या खात्यांसाठी ते ठीक आहे. ईमेलचे कोड मात्र एजिससारख्या वेगळ्या ॲपमध्ये ठेवा. बाकीच्या खात्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात, आणि एकाच फाइलमध्ये पासवर्ड व कोड दोन्ही असले तर ती फाइल उघडणाऱ्याला दुसरी पायरी उरत नाही.