मोबाईल ऑटो स्टार्टर : वर्षभराच्या वापरानंतर

पलूसजवळच्या आमच्या विहिरीवर साडेसात एचपीची मोटर आहे. दोन वर्षांपूर्वी रात्रीच्या विजेवर ऊस भिजत असताना डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) तीनपैकी एक फेज, म्हणजे विजेची एक तार, गेला, मोटर उरलेल्या दोन फेजवर घुमत राहिली आणि सकाळी गेलो तेव्हा वाइंडिंग (मोटरमधले तारेचे वेटोळे) जळालेले होते. त्यानंतर सांगलीतून मोबाईलवर चालणारा, मोटर चालू-बंद करणारा ऑटो स्टार्टर आणला.

त्याच्या खोक्यावर ‘रिअल टाइम संरक्षण’ असे छापले आहे. पुष्कळांना याचा अर्थ केवळ ‘वेगवान’ असा वाटतो. संगणकाच्या क्षेत्रात मात्र ज्या यंत्रणेचे उत्तर बरोबर असून भागत नाही, तर ते ठरलेल्या मुदतीच्या आत यावेच लागते, तिला रिअल टाइम म्हणतात. गाडीची एअरबॅग धडकेनंतर सेकंदाच्या काही शतांश भागात फुगली नाही, तर मागाहून फुगून तिचा उपयोग नसतो. व्हिडिओ कॉलमध्ये चित्र क्षणभर अडखळले तर मात्र बोलणे पुढे चालू राहते. या स्टार्टरच्या पेटीत ही दोन्ही प्रकारची कामे एकत्र आहेत. फेज गेल्यावर मोटर बंद करणे हे पहिल्या प्रकारचे काम आणि मला मेसेज पाठवणे हे दुसऱ्या.

म्हणून वायरमनला बोलावून मुद्दाम परीक्षा घेतली. मी फोनवर स्टार्टरचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकत असतानाच, म्हणजे पेटी दुसऱ्या कामात गुंतलेली असताना, त्यांनी एक फेज तोडला. तीन सेकंदांच्या आत कॉन्टॅक्टरचा, म्हणजे मोटरची वीज तोडणाऱ्या स्विचचा, ‘खट्’ असा आवाज आला आणि मोटर थांबली. मेसेज दीड मिनिटाने आला, त्याची मला तक्रार नाही. कोणते काम आधी करायचे हा क्रम चुकला तर काय होते, हे १९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर या नासाच्या यानाने दाखवले आहे. हवामानाच्या नोंदींचे कमी निकडीचे काम सामायिक साधन अडवून बसल्याने निकडीचे काम मुदतीत होईना, संगणक पुन्हापुन्हा रीसेट होऊ लागला आणि दुरुस्ती पृथ्वीवरून पाठवावी लागली.

उन्हाळ्यात विहिरीचे पाणी तळाला गेल्यावर ड्राय रनचे, म्हणजे पाण्याविना मोटर चालू न देण्याचे, संरक्षणही दोनदा उपयोगी पडले. उणीव एकच, माहितीपुस्तिका फक्त इंग्रजीत आहे. ट्रिप होण्याचा, म्हणजे बिघाडानंतर मोटर आपोआप बंद होण्याचा, अवधी कमीजास्त करता येतो, ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट तिच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत दिलेली आहे. घेणाऱ्यांनी तो अवधी दुकानातच तपासून घ्यावा.