खिशातलं पिस्तूल: बदल करावेत की आहे तसं ठेवावं?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले एक चादर कारखानदार विचारत होते: परवान्याचं ०.३२ बोअरचं पिस्तूल रोज जवळ असतं. ट्रिगर हलका (कमी जोरात दबेल असा) करून, ग्रिप म्हणजे मूठ बदलून घ्यावी का?

आधी कायदा. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५ नुसार शस्त्राची दुरुस्ती किंवा रूपांतर परवानाधारक गनस्मिथच (शस्त्रं दुरुस्त करणारा कारागीर) करू शकतो. नळी कापणं तर कलम ६ खाली येतं. गल्लीतल्या कारागिराकडून काम करून घेतलंत, तर परवाना आणि तुम्ही दोघंही अडचणीत.

भरवसा हा माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा. ट्रिगर हलका करायला स्प्रिंग नरम केली, की काडतुसावर आदळणाऱ्या पिनचा ठोका कमी पडून गोळी न उडण्याची शक्यता वाढते. शिवाय खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर ठेवलेल्या पिस्तुलाला जड ट्रिगर हीही एक सुरक्षितता आहे. ती पैसे देऊन का घालवायची?

खर्च दोन्हीकडे आहेच. पण तेच पैसे ट्रिगर झाकणाऱ्या चांगल्या होल्स्टरवर (पिस्तूल ठेवायच्या म्यानावर) आणि नेमबाजीच्या रेंजवरच्या सरावावर घातले, तर उपयोग जास्त.

मेहनत म्हणाल, तर मूळ पिस्तूलही काळजी मागतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात घामाने गंज धरतो, धूळ आत जाते. पुसणं, हलकं तेल देणं नियमित हवं.

रोज जवळ बाळगणाऱ्याने मूळ पिस्तूलच ठेवावं. हात मोठा असून पकड घसरत असेल, तर अधिकृत गनस्मिथकडून फक्त ग्रिप बदलावी. हलका ट्रिगर रेंजवरच्या नेमबाजांसाठी ठीक.