ब्रशलेसचे लेबल लावून विकलेली बगी

रेडिओ कंट्रोलची पहिली ऑफ-रोड बगी (रिमोटवर खडबडीत मैदानात पळणारी छोटी मॉडेल गाडी) जुन्यातली घेऊ पाहणाऱ्यांनी पैसे देण्याआधी निदान मोटरच्या वायरी तरी स्वतः मोजाव्यात, एवढ्यासाठी हा अनुभव लिहीत आहे.

सोलापुरातल्याच एका विक्रेत्याने 1:10 आकाराची (खऱ्या गाडीच्या एक दशांश), ब्रशलेस म्हणजे कार्बन ब्रशशिवाय चालणाऱ्या मोटरची आणि ‘शर्यतीत पळालेली’ म्हणून मला 9,500 रुपयांना एक गाडी दिली. बॅटरी उतरली आहे असे सांगून त्याने ती चालवून दाखवण्याचे टाळले आणि होम मैदानावर धुरळा उडवत पळणाऱ्या बगीचा व्हिडिओ मोबाईलवर दाखवला. व्हिडिओतली गाडी वेगळीच होती, हे पुढे चाकांवरून कळले.

घरी बॉडी काढल्यावर मोटरवर ‘ब्रशलेस’ असे चकचकीत लेबल दिसले, पण मोटरचा वेग ठरवणाऱ्या स्पीड कंट्रोलरकडून तिच्याकडे दोनच वायरी गेल्या होत्या. ब्रशलेस मोटरला तीन वायरी लागतात. दोन वायरींची मोटर ब्रशवाली असते, मग लेबल काहीही म्हणो. स्टिअरिंगच्या सर्व्होला (चाके वळवणाऱ्या छोट्या मोटरला) नेहमीच्या तीनऐवजी पाच वायरी होत्या आणि रिमोटचे संकेत पकडणारा रिसीव्हर व स्पीड कंट्रोलर एकाच सर्किट बोर्डवर होते, म्हणजे यातले एक बिघडले की बाजारातला साधा सर्व्होही तिथे चालणार नाही. फूटपट्टी लावली तर गाडी जेमतेम फूटभर भरली. 1:10 ची बगी साधारण 40 सेंटिमीटर असते. सोबतची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी फुगलेली होती. अशी बॅटरी चार्ज करताना पेट घेऊ शकते, त्यामुळे मी ती चार्जरला लावलीच नाही.

ब्रशवाली मोटर वाईट असते असे मुळीच नाही, नवशिक्याला ती पुरते. खरी अडचण सुट्या भागांची आहे. शर्यतीत पुढचा सस्पेन्शन आर्म (चाक धरून ठेवणारा दांडा) तुटणे नित्याचेच, आणि टामिया किंवा ट्रॅक्सससारख्या कंपन्या आर्म, गिअर, डिफरन्शियल सुटे विकतात. या गाडीवर मॉडेलचे नावच नसल्याने कोणता भाग मागवायचा हेच कळत नाही. विक्रेत्याला मॉडेल विचारले तेव्हा तो नुसता “इम्पोर्टेड आहे साहेब” म्हणाला होता.

गाडी परत करायला गेलो तर “वापरलेला माल परत घेत नाही” हे उत्तर मिळाले. पावती त्याने आधीच टाळली होती आणि यूपीआयचे पैसे तिसऱ्याच नावाच्या खात्यावर घेतले होते. व्यवहाराचे स्क्रीनशॉट आणि मोटरचे फोटो जोडून मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदवली आहे. तिथे दाद न लागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे.