बचावपटू पाहायचा तर पूर्ण सामना पाहावा

फुटबॉल विश्वचषकाचे जुने सामने पहिल्या शिट्टीपासून अखेरच्या शिट्टीपर्यंत, काहीही न कापता दाखवणारी एक ऑनलाइन सेवा मी गेले काही आठवडे वापरतो आहे. तिची पारख करण्यासाठी मी मुद्दाम अर्जेंटिनाचे दानिएल पासारेला यांची कारकीर्द निवडली. आघाडीचा खेळाडू दोन मिनिटांच्या क्षणचित्रांतही उठून दिसतो, पण बचावपटूचे मोठेपण त्याने जे घडू दिले नाही त्यात असते आणि ते क्षणचित्रांत कधीच येत नाही.

या कसोटीला सेवा सर्वाधिक उतरते ती १९७८ च्या अंतिम सामन्यात. २५ जून, ब्वेनोस आयरेसचे मोन्युमेंटाल मैदान, समोर नेदरलँड्स. उंचीने बेताचे असलेले पासारेला धिप्पाड डच खेळाडूंमध्ये उडी कधी घ्यायची हे चेंडू हवेत असतानाच ठरवतात. चेंडू काढून घेतल्यावर तो भिरकावून न देता स्वतःच घेऊन पुढे निघतात. बरोबरी असताना अगदी शेवटी नेदरलँड्सच्या रेन्सेनब्रिंक यांचा फटका गोलखांबावर आदळतो, तेव्हा अंगावर काटा येतो, कारण त्याआधीची सगळी धडपड आपण पाहिलेली असते. जादा वेळेत अर्जेंटिना ३-१ असा जिंकतो.

संग्रहाची मर्यादा मात्र मोठी आहे. १९८५-८६ च्या हंगामात फिओरेंतिना या इटालियन क्लबसाठी बचावपटू असूनही त्यांनी केलेले ११ लीग गोल येथे नाहीत, कारण क्लबचे सामनेच नाहीत. १९८६ च्या विजेत्या संघातही ते होते, परंतु पोटाच्या आजारामुळे एकही मिनिट खेळले नाहीत. त्यांच्या जागी खेळलेल्या होसे लुइस ब्राउन यांनी अंतिम सामन्यातला पहिला गोल हेडरने केला. या दुःखाची साधी नोंद तरी सामन्यासोबतच्या माहितीत हवी होती.

प्रशिक्षक पासारेला शोधताना तर फारच थोडे हाती लागते. रिव्हर प्लेट या अर्जेंटिनाच्या क्लबला त्यांनी मिळवून दिलेली विजेतेपदे येथे असणार नाहीत हे समजण्यासारखे आहे; लांब केस चालणार नाहीत या त्यांच्या हट्टापायी रेदोन्दोंसारखा खेळाडू राष्ट्रीय संघाबाहेर राहिला, हेही कुठल्या सामन्यात दिसणार नाही. उरतो तो अर्जेंटिनाचे प्रशिक्षक म्हणून त्यांचा १९९८ चा विश्वचषक. मार्सेल येथील उपांत्यपूर्व सामन्यात पुन्हा नेदरलँड्सच समोर, पुन्हा १-१, आणि शेवटच्या मिनिटांत अर्जेंटिनाच्या ओर्तेगा यांनाही लाल कार्ड मिळाल्यामुळे दोन्हीकडे दहा-दहा खेळाडू. फ्रँक डी बोअर यांचा लांबलचक पास त्यांचे डच सहकारी बर्गकॅम्प पहिल्या स्पर्शात खाली घेतात, दुसऱ्या स्पर्शात अर्जेंटिनाचे बचावपटू आयाला यांना चुकवतात आणि तिसऱ्यात गोल. मी ती फीत चार वेळा मागे नेली; दर वेळी माझी नजर बर्गकॅम्प यांच्याऐवजी आयाला यांच्या पायांवर होती, आणि वीस वर्षांपूर्वी त्याच जागी उभे असलेले पासारेला एक पाऊल मागे राहिले असते का, हाच विचार मनात होता.