१७ वरून १६ इंची हलक्या चाकांवर: काही महिन्यांनंतरचा अनुभव

गाडीसोबत आलेली १७ इंची अलॉय चाकं उतरवून १६ इंची फ्लो फॉर्म्ड (रोलरने दाबून पातळ केलेली, हलकी) चाकं बसवली, त्याला आता बरेच महिने झाले. निमित्त खड्ड्याचं. पुढच्या डाव्या रिमची आतली कड चिरली, हवा टिकेना, आणि वेल्डिंग केलेल्या अलॉयवर हायवेला जायची माझी तयारी नव्हती. खर्च करायचाच आहे तर त्यातून काहीतरी पदरात पडावं, म्हणून विकत घेण्याआधी सगळं तोलायचं ठरवलं.

प्रवासाच्या बॅगा तोलायचा लटकता काटा वापरला. स्पोकमधून पट्टा घालायचा, उचलायचं आणि आकडा थरथरायचा थांबेपर्यंत हात स्थिर धरायचा. जुनी रिम ११.२ किलो, तिच्यावरचा २२५/४५ टायर (२२५ मिमी रुंद, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के) १०.१, मिळून २१.३. नवी रिम ७.४, तिचा २०५/५५ टायर ८.६, मिळून १६. एका चाकामागे ५.३ किलो, म्हणजे चारींचे २१ किलो आणि वर थोडं. त्यातही जुना टायर निम्मा झिजलेला होता. नवा टायर नक्षी संपेपर्यंत एखाद किलो किंवा त्याहून जास्त रबर रस्त्यावर सोडतो, त्यामुळे नव्याला नवा लावून तोललं असतं तर फरक आणखी वाढला असता.

दोन्ही टायरांचा लोड इंडेक्स (भार पेलण्याचा क्रमांक) ९१, म्हणजे टायरमागे ६१५ किलो. बाहेरचा व्यास ६३४ आणि ६३२ मिमी, त्यामुळे स्पीडोमीटर होता तिथेच. ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला पकडणारा भाग) आत बसतो का, हे एक रिम लावून, हाताने फिरवून पाहिलं. यातली एक गोष्ट जरी जमत नसेल तर वजनाचा विषय तिथेच सोडून द्या.

आता अनुभव. फुटक्या रस्त्यावर गाडी पूर्णपणे बदलली आहे. आधी लागोपाठच्या स्पीडब्रेकरच्या पट्ट्यांवरून गेलं की धक्का संपल्यावरही स्टिअरिंगमध्ये थरथर रेंगाळायची. आता धक्का बसतो आणि संपतो. रिम, टायर, ब्रेक, हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) हे सगळं स्प्रिंगच्या खाली असतं. उसळलेलं चाक पुन्हा रस्त्यावर टेकवायचं काम स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरचं, आणि चाक जितकं जड तितकं त्यांना ते आवरायला कठीण. त्यामुळे इथले ५ किलो आणि डिकीतले ५ किलो सारखे नसतात. डिकीतली स्टेपनी काढून टाकल्याने ही थरथर तसूभरही कमी झाली नसती.

सुरुवातीला मी याचं सगळं श्रेय वजनाला देत होते. आता तसं म्हणणार नाही. २२५/४५ ची भिंत १०१ मिमी उंच, २०५/५५ ची ११३. रिम आणि रस्ता यांच्यात १२ मिमी जास्त हवा आणि रबर आलंय, त्याचाही यात मोठा वाटा आहे. माझ्या अंदाजाने मोठ्या खड्ड्याचा दणका मऊ झाला तो भिंतीमुळे, आणि बारीक थरथर गेली ती वजनामुळे.

पिकअपबद्दल मात्र लोक फार फुगवून सांगतात. चाकावरचा एक किलो म्हणजे गाडीतले दहा किलो, हे मी कितीतरी जणांकडून ऐकलंय. ते खोटं आहे. वेग घेताना चाकाला पुढेही न्यायचं असतं आणि फिरवायचंही असतं, म्हणून अगदी कडेला असलेलं वजन दुप्पट मोजावं लागतं. त्याहून जास्त नाही. हबजवळचं वजन तर जवळपास एकास एक. माझे २१ किलो अगदी ताणून धरले तरी ४२ झाले, आणि बाराशे-तेराशे किलोंच्या गाडीत ते फार तर साडेतीन टक्के. सिग्नलवरून सुटताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी किंचित मोकळी वाटते, इतकंच. एकसारख्या वेगाला तर त्याचा जवळपास काहीच उपयोग नाही. मायलेज थोडं वाढलं, पण मी ते अरुंद टायरच्या खात्यावर टाकते.

या हिशोबातला खरा धडा मला नंतर मिळाला. एका टायरची भिंत कापली गेली. दुकानात त्याच मापाचा दुसऱ्या कंपनीचा टायर पुढे आला. काट्याला लावला तर १०.२ किलो! माप तेच, पण १.६ किलो जास्त. तो एक्सएल, म्हणजे जादा भाराचा होता, लोड इंडेक्स ९४, म्हणजे ६७० किलो पेलणारा, आतला सांगाडा जाड. माझ्या गाडीला त्याची गरजच नाही. रिमवर वाचवलेलं वजन असं टायरवर परत द्यायचं, तेही सगळ्यात बाहेरच्या घेऱ्यावर, जिथे ते जवळजवळ दुप्पट मोजलं जातं! शिवाय एकाच अ‍ॅक्सलवर दोन जातींचे टायर मला चालणार नव्हते.

“मॅडम, टायर काय किलोवर घ्यायचाय का?” दुकानदार म्हणाला. हो, किलोवरच. बऱ्याच टायरांच्या भिंतीवर माप, लोड, वेग, आतले थर, कोणत्या वर्षी कितव्या आठवड्यात बनला, सगळं असतं. वजन नसतं. बिस्किटाच्या पुड्यावर जे छापतात ते टायरवर छापायला काय हरकत आहे? वाद बराच चालला. मी तो टायर घेतला नाही. जुन्याच जातीचा येईपर्यंत छोट्या स्टेपनीवर ८० च्या आत गाडी चालवली. आलेला टायर तोलला, ८.७. मग बसवून घेतला.

हलकी रिम घेणाऱ्यांनी स्पोकच्या मागच्या बाजूला हात घालून बघा. माझ्या रिमवर तिथे ६९० असा आकडा ओतलेला आहे, तो एका चाकाला पेलवणारा भार. शेजारी जेडब्ल्यूएल, म्हणजे हलक्या मिश्रधातूच्या चाकांसाठीच्या जपानी मानकाची खूण. फ्लो फॉर्मिंगमध्ये रिमचा पन्हाळीसारखा भाग गरम असताना रोलरने दाबून ताणतात, म्हणून तो पातळ होऊनही मजबूत राहतो. नुसत्या ओतीव रिममध्ये धातू कमी करून वजन घटवलं असेल आणि भाराचा आकडा कुठेच नसेल, तर ती रिम फुकट मिळाली तरी घेऊ नका.

फोर्ज्ड, म्हणजे प्रचंड दाबाने घडवलेली चाकं याहून हलकी मिळतात, पण ती किंमत मला पटत नाही. एक इंच खाली उतरण्यातच बरंचसं काम झालं. वळणावर गाडी जरा उशिरा वळते, ते मला चालतं. पुढच्या खेपेला चारही टायर एकदम बदलेन तेव्हा वरची मर्यादा ९ किलो, आणि काटा माझाच.