सीओपीडी असताना हर्नियाचं ऑपरेशन: पूर्ण भूल की कमरेतलं इंजेक्शन?

"बाबांना सीओपीडी आहे, भूल कोणती द्याल?" नागपुरात भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना हा प्रश्न मला सतत विचारला जातो, आणि तो विचारणारे कुटुंबीय मला आवडतात. सीओपीडी म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार.

पूर्ण भुलीत श्वासनलिकेत नळी जाते आणि श्वास मशीन देतं. तेवढ्या वेळात फुप्फुसांचा खालचा भाग थोडा मिटतो. धडधाकट माणसाचा तो लवकर उघडतो. सीओपीडीत तिथे कफ साचून न्युमोनिया होऊ शकतो. नळीमुळे श्वासनलिका आवळू शकतात, ते वेगळंच. खरी कसोटी मात्र नळी काढताना लागते. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंश शरीरात उरला, तर रुग्ण जागा दिसतो, पण खोकून कफ काढू शकत नाही. म्हणून मनगटाजवळच्या नसेला लागोपाठ चार सौम्य विजेचे झटके देऊन अंगठ्याची हालचाल यंत्राने मोजतात. चौथी हालचाल पहिलीच्या किमान 90 टक्के जोराची हवी. नुसतं "डोकं उचला" म्हणून भागत नाही.

कमरेतल्या इंजेक्शनात, म्हणजे स्पायनलमध्ये, नळी नाही, श्वास स्वतःचाच. पण पाऊण-एक तास सपाट पडून राहावं लागतं. घरी तीन उशा लावून झोपणाऱ्याला ते जमेल का, हे आधी बघा. बधिरपणा छातीपर्यंत चढला तर खोकल्याचा जोर जातो. आणि घाबरलेल्या रुग्णाला झोपेचं औषध भरपूर दिलं, तर स्पायनलचा फायदाच संपतो.

जांघेतल्या हर्नियाला, सपाट झोपता येत असेल तर, मी स्पायनल निवडतो. हर्निया लहान असेल तर तेवढीच जागा बधिर करून उघड्या पद्धतीने करणं त्याहून बरं; हा पर्याय सर्जनना जरूर विचारा. दुर्बिणीने करायचं तर पोटात गॅस भरतात, छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा वर ढकलला जातो, आणि बहुधा पूर्ण भूलच लागते. टाके छोटे दिसतात म्हणून भुलू नका.

ऑपरेशननंतर ऑक्सिमीटरवर 90 दिसलं की मुलगा घाबरून ऑक्सिजन वाढवायला सांगतो. या रुग्णांत साधारण 88 ते 92 हेच आमचं लक्ष्य असतं. जास्त ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू शकतो.

बेडका पिवळा-हिरवा झाला असेल किंवा धाप वाढली असेल, तर तारीख पुढे ढकला. बिडी-सिगारेट आजच थांबवा. ऑपरेशनच्या सकाळी उपाशी असलात तरी श्वासाचा पंप (इनहेलर) घ्यायचाच, आणि तो सोबत घेऊन या.