जुन्या गिरणीतला भाड्याचा स्टुडिओ: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर

पुण्यात गिरणी म्हटलं की राजा बहादूर मिल आठवते. तिथे आता सूत नाही, हॉटेलं आणि पब आहेत. राहण्यासाठी बदललेली कारखान्याची जुनी इमारत शहरात विरळाच. हा अनुभव अशाच एका दगड-विटांच्या शेडमधल्या ४२० चौरस फुटी स्टुडिओचा: उंची १७ फूट, लोखंडी कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे), उत्तरेकडे काचा असलेलं करवती (करवतीच्या दातांसारखं) छप्पर आणि नंतर टाकलेला पोटमाळा. जुनं बांधकाम फारसं छळत नाही. छळतं ते रूपांतराच्या वेळी आत बसवलेलं.

अपवाद छपराचा. उत्तरेच्या काचांतून ऊन न येता नुसता उजेड यावा ही कल्पना विलायतेतली. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारी सूर्य थोडा उत्तरेलाच असतो. एप्रिलअखेरसुद्धा सकाळी पावणेदहापर्यंत आणि दुपारी साडेतीननंतर ऊन थेट काचेवर पडतं. आतून पडदा लावून उपयोग नाही, कारण उष्णता तोवर आत आलेली असते. शेडनेट बाहेरून ताणावी, किंवा काचांना बाहेरून पातळ चुना मारावा. पावसाळ्यात तो बहुतेक धुऊन जातो. बाकी आठ महिने हा उजेड अप्रतिम आहे, दिवसा दिवा लागत नाही.

एसी चौरस फुटांवर ठरवू नका. ४२० गुणिले १७ म्हणजे सुमारे ७,१०० घनफूट हवा, साध्या फ्लॅटच्या जवळजवळ पावणेदोन पट. दीड टनाचं यंत्र खाली बरं वाटतं, पण गरम हवा वर साचते आणि पलंग नेमका पोटमाळ्यावर असतो. एप्रिलमध्ये गादी खाली आणावीच लागते. पंख्याला लांब दांडी आणि सोबत सुरक्षा तार हवी. पोटमाळ्याच्या कठड्यापासून पाती हाताच्या अंतरावर येत असतील तर तिथे भिंतीवरचाच पंखा घ्या.

सगळ्यात जास्त डोकेदुखी बाथरूमची. जुना मजला लोखंडी तुळयांवरच्या विटांच्या कमानींचा, तो फोडून संडासाचे पाइप खाली घेता येत नाहीत. मग फरशीच नऊ-दहा इंच उचलतात. चार इंची पाइप, दहा फुटांमागे दोन इंच उतार, वर भराव आणि फरशी, असा तो हिशेब. स्टुडिओ बाहेरच्या भिंतीपासून जितका आत, तितकी ही फरशी उंच. बिल्डर उंची वाचवायला उतार कमी ठेवतो आणि मग पाइप तुंबतो, नहाणीतून वास येतो. पाहायला जाल तेव्हा एक बादली पाणी एकदम ओता आणि किती वेळात जातं ते बघा. शॉवरही सोडून बघा. टाकी शॉवरच्या दोन मीटरच वर असेल तर दाब ०.२ बार मिळतो. इन्स्टंट गीझरला तो बहुधा पुरत नाही, प्रेशर पंप लागतो.

शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येतं का, हे मधली भिंत कुठे संपते त्यावर ठरतं. बऱ्याच ठिकाणी जिप्समचं पार्टिशन कैचीच्या खालच्या पट्टीलाच थांबवतात आणि वरची पोकळी सगळ्यांची सामायिक राहते. मग शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजायची सोय होते. पार्टिशन पत्र्यापर्यंत गेलेलं असेल तरच घ्या.

तळमजल्याच्या जाड भिंतींना खालून ओल चढते आणि लोणा (पांढरा क्षार) फुटतो. त्यावर प्लास्टिक पेंट किंवा सिमेंट गिलावा मारला की ओल आत कोंडते आणि आणखी वर सरकते. चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग असावा. कपाट भिंतीपासून चार इंच पुढे. ड्रिल करताना भोक विटेत घ्या, सांध्यात नको, आणि ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवा, नाहीतर चुना भुगा होऊन प्लग निघतो. भरलेला २५ लिटरचा गीझर पार्टिशनवर टांगू नये.

पावसाळ्याचं मर्म करवती छपराच्या दोन दातांमधल्या पन्हळीत आहे. पिंपळाची पानं अडकली की पाणी बाहेर न जाता आत उतरतं. वळवाच्या आधी, म्हणजे एप्रिलअखेर, पन्हळी साफ हवी आणि ऑगस्टमध्ये पुन्हा. हे काम कोणाचं, ते करारात लिहून घ्या.

कराराआधी दोन कागद मागा: निवासी वापराची परवानगी आणि ताजं वीजबिल. बिलावर घरगुतीऐवजी व्यापारी दर असेल तर युनिट महाग पडतं. पाइप गॅस नसेल तर इंडक्शन, एसी आणि गीझर एकत्र धरून विजेचा मंजूर भार तपासा. लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी सक्तीची आहे: २४,००० भाडं, एक लाख परत मिळणारी अनामत आणि ११ महिने असतील तर ०.२५ टक्के दराने मुद्रांक शुल्क सुमारे ७०० रुपये, नोंदणी शुल्क १,००० रुपये. ताबा घेतानाच भिंतीवरची जुनी भोकं, लोणा आणि तडे यांचे फोटो काढून करारासोबत जोडा. अनामतीतून रंगकामाचे पैसे कापताना मालक बोट ठेवतो ते यांवरच.